सासूबाईंचा गानवृंद आणि त्यांच्या सात वह्या

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

माझ्या सासूबाई गेल्या पौषात गेल्या. सांगलीच्या गावभागात, आमच्या राहत्या घराच्या ओसरीवर, त्यांनी बायकांचा एक गानवृंद सुरू केला होता आणि शेवटच्या आजारपणापर्यंत तो चालवला. त्याला त्यांनी कधी नाव दिले नाही. गल्लीत सगळे 'गुरुवारचे गाणे' असेच म्हणत. त्यांच्या मागे सात वह्या, मिरजेचा एक तंबोरा, एक पेटी आणि दर गुरुवारी दुपारी चार वाजता ओसरीवर येणाऱ्या एकोणीस जणी राहिल्या आहेत. त्या अजूनही येतात. माझा गळा बरा आहे, पण रीतसर शिक्षण झालेले नाही, आणि वह्या उघडल्या की जागोजागी अडायला होते. जाणकारांनी मदत करावी म्हणून हा धागा काढते आहे. वह्यांतील खुणा समजायच्या तर त्या लिहिणारी बाई कोण होती हे सांगावे लागेल, म्हणून थोड्या विस्ताराने लिहिते.

सासूबाईंचे माहेर मिरजेचे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी जिथे विष्णु दिगंबर पलुस्करांना गाणे शिकवले आणि अब्दुल करीम खाँसाहेबांनी जिथे आपले घर केले, त्या गावात मुलीने गाणे शिकावे यात कोणाला वावगे वाटले नाही. खाँसाहेब १९३७ साली गेले. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि उरसात कलावंत तिथे गाऊन हजेरी लावतात. लहानपणी वडिलांच्या मांडीवर झोपत-जागत ऐकलेल्या त्या रात्रींबद्दल सासूबाई नेहमी सांगत. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांपैकी प्रवेशिका पूर्णपर्यंत त्या पोहोचल्या, आणि मध्यमेला बसायच्या वर्षीच त्यांचे लग्न झाले. ती परीक्षा राहिली ती राहिलीच.

आमच्या आजेसासूबाईंचा गाण्याला विरोध नव्हता, परंतु बाहेरच्या माणसांसमोर घरच्या सुनेने गाऊ नये असे त्यांचे ठाम मत होते. सासूबाईंनी वाद घातला नाही. श्रावणातल्या दुपारी शेजारच्या चार जणींना त्यांनी ओव्या म्हणायला बोलावले आणि पाचव्या त्या स्वतः बसल्या. गौरीगणपती झाले, नवरात्र आले, तरी त्या चार जणी येत राहिल्या, आणि दिवाळीनंतर अकरा झाल्या. पुढे आजेसासूबाई स्वतः भिंतीला टेकून ऐकायला बसू लागल्या आणि एखादी उशिरा आली तर तिला विचारणाही करू लागल्या.

कोणाचीही परीक्षा घेतली जात नसे. नवीन बाई आली की सासूबाई तिला तिचे नाव, माहेर आणि घरचा पत्ता नेहमीच्या आवाजात सांगायला लावीत, आणि ती बोलत असताना पेटीवर एकेक पट्टी दाबून तिचा बोलण्याचा आवाज कुठे बसतो ते पाहत. त्यावरून तिची जागा ठरे. खालच्या आवाजाच्या बायका तंबोऱ्याजवळ, वरच्या आवाजाच्या दाराकडे, आणि ज्यांना सूर सापडत नसे त्या दोन पक्क्या गळ्यांच्या मधोमध. 'तुम्ही नुसते ओठ हलवा' हे वाक्य त्यांनी कोणालाही म्हटले नाही, आणि एका समारंभात एका संयोजकाने आमच्यातल्या एका बाईला तसे सुचवले तेव्हा सासूबाई सगळ्या जणींना घेऊन गाणे न करताच घरी परतल्या. मी तेव्हा नवी नवरी होते. रिक्षात कोणी एक शब्द बोलले नाही, पण घरी आल्यावर ओसरीवर बसून त्यांनी ठरलेली सगळी गाणी त्या बाईला मध्ये बसवून म्हटली.

माझे सासरे मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. ते कधी गायले नाहीत. पेटी सायकलच्या कॅरिअरवर सुतळीने बांधून ते कार्यक्रमाच्या ठिकाणी पोहोचवत, बाहेर थांबत आणि परत आणत. ती बांधताना भात्यावर दाब येऊ नये म्हणून खाली पोत्याची घडी घालत, आणि ती पोती दुकानातली असल्यामुळे पेटीच्या खोक्याला आजही हळदीचा वास येतो. गुरुवारी रात्रीचा स्वयंपाक उशिरा होई, तेव्हा दुपारची भाकरी आणि दूध मुलांना तेच देत.

माझ्या यजमानांना मात्र या गुरुवारांविषयी अढी आहे. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेले. तिथे धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे, यावरून गावभागाचे काय झाले असेल याची कल्पना यावी. पाणी हळूहळू चढत होते, आवरायला काही तास मिळाले. सासूबाईंनी सर्वांत आधी सात वह्या माळ्यावर टाकल्या, नंतर पेटी, नंतर धान्य. तंबोरा माळ्याच्या तोंडातून आत जाईना म्हणून तो कपाटावर आडवा ठेवला. खालच्या खणातला लग्नाचा आणि मुलांच्या मुंजीचा फोटोंचा अल्बम तसाच राहिला. सासऱ्यांचे एवढेच फोटो घरात होते. 'आईने आधी वह्या उचलल्या' हे वाक्य मी यजमानांच्या तोंडून त्यानंतर अनेकदा ऐकले आहे, आणि त्याला उत्तर देण्याचा मी कधी प्रयत्न केलेला नाही.

आता माझ्या अडचणी. पहिल्या तीन वह्यांत कित्येक स्वरांच्या डोक्यावर टिंबे आहेत. भूप रागातल्या एका रचनेची सुरुवातच टिंब दिलेल्या धैवताने (ध) होते. टिंब म्हणजे तार, म्हणजे वरचे, सप्तक असे मी शाळेत शिकले, परंतु तार धैवतावर आमच्यातली एकही बाई पोहोचत नाही. तीच रचना पाचव्या वहीत पुन्हा लिहिलेली आहे आणि तिथे टिंब खाली आहे. आरंभीच्या काळात वृंद एवढ्या वरच्या सुरात गात होता का? तालाच्या जागी '+' आहे, ती सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, धरून आम्ही टाळी देतो, आणि गाण्याचे तोंड (सुरुवातीची ओळ) नीट बसत नाही. प्रत्येक गाण्याच्या वर पट्टी, म्हणजे पेटीची कोणती पट्टी षड्ज (सा) धरायची ते, लिहिलेली असून ती खोडून पुन्हा लिहिलेली आहे: काळी पाच, मग काळी चार, मग पांढरी पाच, आणि अलीकडे काळी तीन. तंबोराही पूर्वीसारखा बोलत नाही. शेवटच्या वहीच्या शेवटच्या पानावर थरथरत्या अक्षरात 'मुलींना मध्यम द्या' एवढेच आहे. शेवटचा काना राहून गेला असावा आणि मुलींना मध्यमेला बसवा असे त्यांना म्हणायचे असावे, असा माझा तर्क आहे. कारण गेल्या दोन वर्षांत पाच शाळकरी मुली वृंदात आल्या आहेत आणि त्यांच्या आजीच्या वयाच्या बायकांच्या पट्टीत त्यांचे गळे गुदमरतात. वृंदाचे दोन भाग करावेत का, हाही प्रश्न त्यामुळे उभा आहे.

पायपेटी

धागा फार आवडला. टिंबांचे कोडे सहज सुटण्यासारखे आहे. तुम्ही शाळेत शिकलात ती भातखंडे स्वरलिपी. तिच्यात वरचे टिंब म्हणजे तार सप्तक आणि खालचे म्हणजे मंद्र, म्हणजे खालचे सप्तक. पलुस्कर स्वरलिपीत मंद्र स्वराच्या डोक्यावर टिंब देतात आणि तार स्वराच्या डोक्यावर उभी रेघ. तुमच्या सासूबाई मिरजेत पलुस्कर परंपरेत शिकल्या, म्हणून पहिल्या तीन वह्या त्या लिपीत असणार. पुढे इतरांना वाचता यावे म्हणून त्यांनी भातखंडे लिपी घेतली असणार. तो धैवत मंद्रच आहे. भूप षड्जाच्या खालच्या धैवतावरून उचलणे अगदी स्वाभाविक आहे.

'+' विषयीही तेच. पलुस्कर लिपीत समेला '१' लिहितात आणि खालीला, म्हणजे टाळी न देण्याच्या मात्रेला, '+'. भातखंडे लिपीत समेची खूण फुलीसारखी असते, त्यामुळे तुमचा गोंधळ झाला. रचना तीनतालात असेल तर तुम्ही नवव्या मात्रेला सम समजत आहात, म्हणजे सगळे गाणे आठ मात्रांनी सरकले आहे. असे सरकलेले गाणे ढोबळ मानाने जुळल्यासारखे वाटते, आणि म्हणूनच चूक लवकर सापडत नाही. स्वरांखाली लहान शून्य दिसले तर ती अर्धी मात्रा समजावी, खाली नव्हे. कोमल स्वराला पाय मोडल्याची खूण असेल. वह्यांच्या पहिल्या पानावर या खुणांची यादी लिहून चिकटवा, म्हणजे पुढच्या माणसाला त्रास होणार नाही.

सतारमेकर गल्ली

आमच्या घरी तंतुवाद्यांचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालते, म्हणून फक्त तंबोऱ्याबद्दल लिहितो. पुरात भिजलेल्या तंबोऱ्याचे काय केले ते आपण लिहिले नाही. भोपळा भिजला की सांधे सुटतात आणि तो घाईने उन्हात वाळवला तर तडकतो.

तंबोरा बोलत नाही याचे कारण मात्र पट्टीत असण्याची शक्यता अधिक वाटते. काळी पाचसाठी चढवलेल्या तारा काळी तीनपर्यंत उतरवल्या की त्या सैल पडतात, घोडीवर नीट खेळत नाहीत आणि जवारी (तारेला गुंजता नाद देणारा घोडीचा घासलेला पृष्ठभाग) मिटते. मग तारेखालचा दोरा कितीही सरकवला तरी आस, म्हणजे लांबणारा नाद, येत नाही. त्या पट्टीसाठी जाड तारांचा संच घ्यावा लागतो आणि नंतर जवारी नव्याने काढावी लागते. मिरजेत हे काम एका दिवसात होते. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात तंबोरे दुरुस्त करता करता ते घडवायला सुरुवात केली, त्यात फरीदसाहेबांचे नाव पहिले घेतले जाते; २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. एवढे सगळे शेजारी असताना आपला तंबोरा मुका राहू नये, ही विनंती.

कृष्णाकाठ

दोन्ही प्रतिसादांसाठी मनापासून आभार. तंबोऱ्याचा भोपळा २०१९मध्ये कपाटासकट पाण्यात गेला होता. मिरजेच्या कारागिरांनी जुनी दांडी ठेवून नवा भोपळा बसवून दिला. त्यानंतरही पट्टी उतरत गेली, पण तारा बदलल्याचे कोणालाच आठवत नाही, म्हणजे आपले निदान बरोबर असावे.

पट्टी का उतरली हेही आता वह्यांवरून लक्षात येते. सुरुवातीच्या अकरा जणी तिशीतल्या होत्या. त्यांच्यापैकी ज्या आजही येतात त्यांनी सत्तरी ओलांडली आहे, आणि वय वाढले की आवाज खाली उतरतो. कोणाला 'तुमचा आवाज आता पोहोचत नाही' असे न सांगता सासूबाई पट्टीच अर्ध्या-एका स्वराने खाली घेत गेल्या. ज्या गुरुवारी पट्टी बदलली त्या दिवशी त्यांनी ते कधी जाहीर केले नाही.

घाटावरची

मी या वृंदात कित्येक वर्षे गाते आहे, त्यामुळे आतली एक गोष्ट सांगते. वह्यांत ओळींच्या मध्ये लहान अक्षरे दिसतील. ती आमच्या नावांची आद्याक्षरे आहेत आणि त्या श्वासाच्या जागा आहेत. सगळ्यांनी एकदम श्वास घेतला की गाण्याला भोक पडते, म्हणून लांब ओळीत प्रत्येकीने कुठे श्वास चोरायचा हे बाईंनी वाटून दिले होते. शब्दाच्या शेवटी 'स' किंवा 'श' आला तर तो फक्त एकीने उच्चारायचा, बाकीच्यांनी स्वरावरच थांबायचे; नाहीतर वीस जणींचे वीस सकार मागेपुढे फुटतात. अनुस्वारावर ओठ कधी मिटायचे हे त्या हाताने दाखवत.

टाळेबंदीच्या काळात फोनवरून एकत्र गाण्याचा आम्ही प्रयत्न केला. आवाज पोहोचायला लागणारा क्षण प्रत्येकीचा वेगळा, त्यामुळे चौथ्या मात्रेलाच सगळे विस्कटले. तेव्हापासून वर्षभर बाई दर गुरुवारी चार वाजता एकेकीला फोन करत, तिच्याकडून तिची ओळ म्हणून घेत आणि तिची आद्याक्षराची जागा तिला आठवते आहे का ते पाहत. माझे यजमान त्याच वर्षी गेले. त्या गुरुवारीही फोन आला. त्यांनी मला गायला सांगितले नाही, त्या स्वतः माझी ओळ गायल्या आणि माझ्या श्वासाच्या जागी थांबल्या.

पेठेतली मुलगी

वहिनी, मी इथे लिहिते आहे याचे तुम्हाला आश्चर्य वाटेल. अल्बमची गोष्ट वाचली आणि राहवले नाही.

दादाची अढी मला समजते, कारण ती माझीही होती. शाळेच्या स्नेहसंमेलनात माझे गाणे होते तेव्हा आई आली नाही, कारण तो गुरुवार होता. ओसरीवरच्या बायकांना ती जितक्या सबुरीने सूर देत असे तितकी सबुरी तिने आम्हाला गणित शिकवताना कधी दाखवली नाही. हे लिहिताना मला संकोच वाटतो, पण तुम्ही तिच्याबद्दल खरे लिहिले आहे म्हणून मीही लिहिते. मी पुण्याला आल्यावर अनेक वर्षे गाणे ऐकणेसुद्धा टाळले.

पण पुराच्या त्या दिवशी मी फोनवर होते आणि आईने मला विचारले होते, 'अल्बम कुठे आहे?' तो खालच्या खणात आहे हे मला ठाऊक होते. मी सांगितले की तो माझ्याकडे पुण्याला आहे. कारण ती सत्तरीच्या पुढची बाई पुन्हा पाण्यात उतरेल अशी मला भीती वाटली. तिने आधी वह्या उचलल्या हे खरे. अल्बम विसरली हे मात्र खरे नाही. हे मी दादाला आजवर सांगितले नाही. आज रात्री फोन करून सांगणार आहे.

भैरवीनंतर

घर आणि संस्था यांची ही ओढाताण आपल्या भागातल्या संगीताला नवी नाही. विष्णु दिगंबर पलुस्कर १८७२ साली कुरुंदवाडला जन्मले, लहानपणी फटाक्याने त्यांची दृष्टी अधू झाली, मिरजेत ते शिकले, आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले. तिथे शिष्य घरातच राहत, जेवत आणि गात. त्यांच्या स्वतःच्या बारा अपत्यांपैकी एकच जगले, ते दत्तात्रेय विष्णु पलुस्कर. १९३१ साली वडील मिरजेत वारले तेव्हा तो मुलगा दहा वर्षांचा होता, आणि त्याला पुढे घडवले ते वडिलांच्या शिष्यांनी, विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांनी. घरातले जे शिष्यांना दिले ते शिष्यांनी घराला परत केले, असे त्या घराण्यापुरते तरी म्हणता येते.

याच विनायकरावांचे शिष्य विनयचंद्र मौद्गल्य यांनी १९३९ साली दिल्लीत गांधर्व महाविद्यालय सुरू केले आणि तिथे वृंदगानाची मोठी परंपरा उभी केली. त्यांचे पुत्र मधुप मुद्गल यांनी ती पुढे चालवली. त्यांच्या वृंदगानात एक गट एक स्वर किंवा एक ओळ धरून ठेवतो आणि दुसरा गट तिच्यावर वेगळी ओळ गातो. यावरून मला तुमच्या शेवटच्या पानाचा अर्थ लागतो. 'मुलींना मध्यम द्या' यात काना राहिलेला नाही. मध्यम (म) हा स्वरच त्यांना अभिप्रेत आहे. काळी तीनला षड्ज धरला तर त्याचा मध्यम पांढरी सातवर येतो. तंबोऱ्याची पंचमाची (प) तार उतरवून मध्यमात मिळवली की मोठ्या बायकांना त्यांचा षड्ज मिळतो आणि मुलींना तोच मध्यम षड्ज म्हणून घेता येतो. ओळ बायकांनी त्यांच्या षड्जावरून म्हणायची, तीच ओळ मुलींनी मध्यमाला षड्ज मानून परत द्यायची. तंबोरा एकच राहतो, ओसरीही एकच राहते, आणि दोन भाग करण्याचा प्रश्न उरत नाही.

पायपेटी

वरील अर्थ मला पूर्ण पटतो. फक्त एक सूचना. हे करताना पेटी बंद ठेवा. पेटीचा शुद्ध गंधार (ग) तंबोऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या स्वयंभू गंधारापेक्षा किंचित चढा असतो, आणि दोन षड्जांच्या या खेळात तो फरक लगेच कानाला बोचेल.

कृष्णाकाठ

मंगळवारी आम्ही तंबोरा मिरजेला नेला. जाड तारा घातल्या, जवारी काढून घेतली. माझे यजमान सोबत आले. तंबोरा त्यांनी गवसणीत घालून मांडीवर आडवा धरला आणि येताना पूर्ण रस्ताभर भोपळ्याखाली हात ठेवला. ताईंचा फोन आला होता, एवढेच त्यांनी मला सांगितले.

काल गुरुवार होता. पंचमाची तार मध्यमात मिळवली. पहिल्या वहीतली भूपाची रचना काढली, टिंबे मंद्र धरली, '+' ला खाली मानले. बायकांनी पहिली ओळ म्हटली, मुलींनी ती मध्यमावरून परत दिली, आणि दुसऱ्या फेरीला माझी टाळी सवयीने पुन्हा चुकीच्या जागी पडली. माजघरातून यजमानांचा आवाज आला, 'सम तिथे नाही. पुढच्या शब्दावर आहे.' पंचवीस वर्षांच्या संसारात ते गुरुवारी कधी ओसरीवर आलेले मी पाहिले नव्हते, आणि कालही ते आले नाहीत. त्यांनी आतूनच पुढच्या तीन आवर्तनांत समेवर दारावर बोट आपटले. घाटावरच्या काकू म्हणाल्या की तो दहा वर्षांचा असताना याच दाराआड बसून गृहपाठ करायचा.

खुणांची यादी मी पहिल्या वहीच्या आतल्या पानावर चिकटवली आहे. पाच मुलींची आद्याक्षरे अजून घालायची आहेत. त्यांच्या श्वासाच्या जागा पुढच्या गुरुवारी ठरवू.